चार नंबरच्या मावशींच्या पायाचा अंगठा

आमच्या धुलाईखान्यात बायकांना नावं आहेत, पण ती हजेरीपुरती. एरवी जिचं जे मशीन तेच तिचं नाव. मी सात नंबर, आणि कामगार समितीची चिटणीस. मावशी चार नंबर. बावीस वर्षं त्या एकाच प्रेसवर उभ्या आहेत.

प्रेस म्हणजे गादी लावलेलं टेबल आणि त्यावर उघडझाप करणारं तापलेलं झाकण. ओलसर चादर पसरायची, उजव्या पायाने पेडल मारायचं, झाकण खाली येतं, वाफ सुटते, पाय उचलायचा. एका पाळीत सहाशे चादरी, एका चादरीला तीनदा पेडल. गुणाकार ज्याचा त्याने करावा, आम्ही कधी केला नाही. केला असता तर कामावर आलो नसतो.

चार नंबरची गोष्ट वेगळी, कारण तिथे खिडकी आहे. चौदा मशीनांत उघडणारी खिडकी तेवढी एक. तिच्यातून एक भिंत दिसते, सायकलींचा स्टँड दिसतो आणि मान वाकडी केली तर थोडं आभाळ. जगात याहून बरे देखावे असतील. पण आठ तास वाफेत उभं राहिल्यावर त्या भिंतीवरही जीव जडतो. मावशींचा जडला होता.

आता कंपनीचा नियम सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. कामावर अपघात झाला, तर बाई बरी होऊन येईपर्यंत मशीन तिचंच राहतं. आजारपण असलं आणि रजा तीन दिवसांपलीकडे गेली, तर 'सोयीनुसार बदली'. सोय कंपनीची. बदली तळघरात, छाननीला. तिथे हॉस्पिटलांतून आलेल्या मळक्या चादरी हाताने वेगळ्या करायच्या असतात. त्यांवर काय काय असतं ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही जेवायला बसला असाल. छाननीला गेलेली बाई परत वर आल्याचं मी पाहिलेलं नाही.

तर एका सोमवारी मावशी आल्या त्या डाव्या पायात बूट आणि उजव्या पायात नवऱ्याची चप्पल अडकवून. ती चप्पलही अर्धीच पायात.

"काय झालं?"

"मला काय ठाऊक? धडधाकट झोपले, उठले तर हे." त्यांनी पायावरचं फडकं बाजूला केलं. अंगठ्याच्या बुडाचा सांधा लालबुंद, टम्म फुगलेला, वरची कातडी तुकतुकीत. "पहाटे पायावर चादरीचं टोक आलं तर अशी ओरडले की ह्यांना वाटलं विंचू चावला. बिचारे अर्धा तास विंचू शोधत होते."

रोज सहाशे चादरी दाबणाऱ्या बाईला एका चादरीचं टोक सोसवेना.

आमच्या खात्यात कुठल्याही दुखण्याला औषध एकच, वाफ. मान धरली, वाफ. कंबर गेली, वाफ. दाढ, सर्दी, जावेने मारलेला टोमणा, सगळ्याला वाफ. कॉलरच्या कडा बसवायला एक हातनळी असते; ती आम्ही ओल्या टॉवेलात गुंडाळून दुखऱ्या जागी धरतो. मावशींना स्टुलावर बसवलं, पाय टॉवेलात घेतला आणि पाच नंबरने नळी सोडली. अर्ध्या मिनिटात मावशींनी अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरची धुण्याची मशीनं बंद झाली. खालच्यांना वाटलं बॉयलर गेला.

पुढे सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की अशा तापलेल्या सांध्याला शेक म्हणजे आगीत तेल. बर्फ लावायचा असतो, तोही कापडात गुंडाळून. बर्फ आम्हाला सुचलाच नाही. आमच्या खात्यात थंड असं काही नसतंच.

मी लगेच अपघाताचा फॉर्म काढला. या बाबतीत मी कोणाची वाट बघत नाही. वाट बघणाऱ्या बायका आज छाननीत आहेत.

"लीडर," मावशी म्हणाल्या. त्या मला लीडरच म्हणतात, आणि त्यात कौतुक किती, खोच किती, हे मला अजून कळलेलं नाही. "माझ्या पायावर काही पडलेलं नाही."

"पडायला कशाला पाहिजे? बावीस वर्षं पेडल मारलंत, ते कमी आहे?"

"मग बावीस वर्षांत नेमकं आजच कसं?"

मी पेन पुढे केलं.

"आमच्या घराखालचे शिंपीकाका म्हणाले, गाऊट असेल," मावशी म्हणाल्या. "काका पाय बघायला वाकलेसुद्धा नाहीत. जिन्यातूनच विचारलं, 'चादर सोसत नाही ना?' मी म्हटलं, नाही. 'गाऊट,' म्हणाले आणि गेले. त्यांना होऊन गेलाय."

मी हसले. खरं सांगायचं तर मला रागच आला. गाऊटबद्दल मी वाचलं होतं, रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत. राजेरजवाड्यांचा आजार. "मावशी, गाऊट बसून खाणाऱ्यांना होतो. मटण झोडणाऱ्यांना, दारू ढोसणाऱ्यांना, आणि तेही पुरुषांना. तुम्ही कधी बसलात?"

"बसले नाही, हे खरं."

"मग झालं तर. श्रीमंतांचा आजार आपण का म्हणून घ्यायचा?"

फॉर्मवर मी लिहिलं: 'पेडल अडकून झटक्याने सुटल्यामुळे उजव्या पायाच्या अंगठ्यास इजा.' पेडल अडकलं नव्हतं. पण अडकू शकलं असतं, कारण त्यात तेल घालायला महिनोन् महिने कोणी फिरकत नाही. एवढं समर्थन मला त्या दिवशी पुरलं. मावशींनी सही केली, कारण त्यांना उभं राहवत नव्हतं आणि मला गप्प बसवत नव्हतं.

बुधवारी कंपनीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. ते डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात आणि रुग्णापेक्षा घड्याळ जास्त तपासतात. रिपोर्ट आला: गाऊटमध्ये वाढतं ते युरिक ॲसिड नॉर्मल, आणि खाली डॉक्टरांचा शेरा, 'दोष नाही'. सुपरवायझरसाहेब तो कागद मिरवत आमच्या खात्यात आले. मावशी रजेवर असूनही काय निघालं ते ऐकायला आल्या होत्या, स्टुलावर बसून, पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून.

"गाऊट नाही," साहेब म्हणाले. "पेडल मी स्वतः चालवून बघितलं, तेही ठीक आहे. म्हणजे इजा नाही. आजार नाही, इजा नाही, म्हणजे काहीच नाही."

"गाऊट नाही म्हणजे इजाच," मी म्हटलं. "लिहून द्या."

"काय लिहून देऊ? काही नाही असं लिहून देऊ?"

"तुम्हाला लिहिता येतं का, आधी ते सांगा."

असं आमचं दहा मिनिटं चाललं. दोघांनाही त्या कागदातून आपल्याला हवं ते मिळालं होतं, म्हणून दोघेही जोरात होतो. मावशी एकदा माझ्याकडे बघत होत्या, एकदा साहेबांकडे.

"मग हे जे दुखतंय," शेवटी त्या म्हणाल्या, "ते कोणाचं?"

पाच नंबरने तेवढ्यात एक चादर उरकून घेतली.

गुरुवारी मावशी सरकारी हॉस्पिटलात गेल्या. बरोबर नवरा आणि मी. मावशींचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. मोजकं बोलतात आणि बोलताना समोरच्याच्या चष्म्याकडे बघतात. रांगेत अडीच तास गेले. तेवढ्या वेळात मी रांगेच्या व्यवस्थेवरून दोन जणांशी भांडले. त्यातला एक रुग्ण निघाला.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी सांध्याला नुसतं बोट टेकवलं, मावशींनी टेबलाची कड धरली.

"कधीपासून?"

"सोमवारी उठले तेव्हापासून."

"आधी कधी असं?"

"कधीच नाही."

मी मध्येच रिपोर्ट पुढे केला. "युरिक ॲसिड नॉर्मल आहे, मॅडम. म्हणजे गाऊट नाही."

"दुखणं ऐन जोरात असताना रक्तात ते नॉर्मल येऊ शकतं," त्या म्हणाल्या. "त्यावरून हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही. आणि एकच सांधा असा अचानक लाल झाला तर आत पू तर नाही ना, हेही बघावं लागतं. सांध्यातलं पाणी काढून बघूया."

बारीक सुईने त्यांनी दोन-तीन थेंब काढले. मावशी तेवढा वेळ छताकडे बघत पंख्याला शिव्या देत होत्या, कारण डॉक्टरला देता येत नाहीत. मग डॉक्टरीणबाई आत गेल्या, बऱ्याच वेळाने आल्या आणि म्हणाल्या, "या, दाखवते."

मावशी लंगडत गेल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"काय दिसतंय?"

"सुया," मावशी म्हणाल्या. "शिंपीकाकांच्या डबीत असतात तशा. माझ्यात आहेत ह्या?"

"सांध्यात साठलेत ते युरिक ॲसिडचे खडे. पू नाही, हे चांगलं झालं. हा गाऊटच."

मी म्हटलं, "पण मॅडम, ह्या मटण खात नाहीत."

"खाल्लं नाही तरी होतो."

"दारूला शिवत नाहीत."

"मी घेतो," यजमान म्हणाले. ते सकाळपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य. "माझी हिला बाधली असेल का?"

"नाही," डॉक्टरीणबाई न हसता म्हणाल्या. मावशी ब्लडप्रेशरची गोळी घेतात, ती त्यांनी मागून बघितली. लघवी जास्त व्हावी म्हणून देतात त्यातली ती गोळी होती. तिनेही युरिक ॲसिड वाढतं, म्हणाल्या. ज्यांनी ती दिली त्यांना चिठ्ठी लिहिते, ते बदलून देतील, आपल्या मनाने बंद करायची नाही. पाळी जाऊन किती वर्षं झाली, विचारलं. त्यानंतर बायकांनाही होतो, म्हणाल्या. मी पुस्तकातल्या राजेरजवाड्यांना मनातून रजा दिली.

"दिवसाला पाणी किती पिता?"

"कामावर एक ग्लास. दुपारी."

"आठ तासांत? वाफेत उभ्या राहून? का?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. हे बाहेर सांगायची आम्हाला लाज वाटते, म्हणून मी सांगितलं. आमच्या चौदा जणींत संडासला जायची एक लाकडी पट्टी आहे. ती सुपरवायझरच्या टेबलामागे खिळ्याला असते. पट्टी घेऊन दोन मजले खाली जायचं, परत येऊन टांगायची, मग दुसरीने जायचं. पट्टी कधी हाती लागेल त्याचा नेम नाही. म्हणून कोणी पाणीच पीत नाही. नवी मुलगी आली की पहिल्याच आठवड्यात तिला पाणी कमी प्यायला आम्हीच शिकवतो. मशीन नंतर शिकवतो.

हे बोलून झाल्यावर मला माझंच बोलणं ऐकू आलं. इतकी वर्षं मी पेडलच्या तेलासाठी भांडले, पंख्यासाठी भांडले. पट्टीसाठी एकदाही नाही. ती खिळ्याला इतकी जुनी होती की भिंतीचाच भाग वाटायची.

डॉक्टरीणबाईंनी सुजेच्या गोळ्या दिल्या, किडनीची तपासणी लिहिली, पुढच्या महिन्यात परत बोलावलं. आणि दाखल्यावर लिहिलं: 'गाऊट. दहा दिवस विश्रांती. नंतर नेहमीचे काम करण्यास हरकत नाही. कामाच्या वेळात भरपूर पाणी व गरजेनुसार संडासला जाण्याची मुभा आवश्यक.'

शनिवारी मॅनेजरने बोलावलं होतं, अपघाताच्या फॉर्मची चौकशी. शुक्रवारी मी मावशींच्या घरी गेले. पाय उशीवर, वर काहीच पांघरूण नाही, शेजारी बर्फाची पिशवी. गोळ्यांनी सूज निम्मी उतरली होती.

"दाखला पिशवीतच ठेवायचा," मी म्हटलं. "उद्या फक्त पेडल. दाखला दिसला की झाला आजार, आणि सोमवारी तुम्ही छाननीत."

"आणि पेडल म्हटलं तर?"

"तर चार नंबर तुमचं. मी बघते."

"तू बघतेस गं. पण हे परत उठलं तर? डॉक्टरीण म्हणाली, परत उठू शकतं. मग परत पेडल अडकलं म्हणायचं? किती वेळा पडणार आहे ते पेडल माझ्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा."

"आणि पाणी? पेडल अडकलेल्या बाईला कोण पाणी देतंय? पट्टी तिथेच, मी तिथेच, सुया तिथेच." मावशींनी बर्फाची पिशवी सारखी केली. "मला चार नंबर पाहिजे, लीडर. पण त्यावर उभं राहायला पायही माझाच लागणार आहे."

"अहो, पण खरं सांगितलं तर मशीनच जाईल!"

"ओरडू नकोस. पायाला लागतं."

यजमान आतून म्हणाले, "तिला खरंच लागतं. काल मी शिंकलो तर मला बाहेर बसवलं."

मी तणतणत घरी आले.

शनिवारी मॅनेजरच्या केबिनमध्ये टेबलावर माझ्या अक्षरातला फॉर्म होता. मॅनेजर माणूस थंड. चढ्या आवाजात बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

"पेडल कधी अडकलं?" त्याने विचारलं.

"अडकलं नव्हतं," मावशी म्हणाल्या, आणि दाखला फॉर्मवर ठेवला.

मॅनेजरने दोन्ही कागद वाचले. मग माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.

"म्हणजे आजार. रजा तीन दिवसांवर गेली. सोयीनुसार बदली होते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण दाखल्यात लिहिलंय, दहा दिवसांनी नेहमीचं काम. माझं नेहमीचं काम चार नंबर. सोय कोणाची, ते तुम्ही ठरवा. मी खोटं पेडल सांगितलं असतं तर मशीन राहत होतं. खरं सांगितलं म्हणून जात असेल, तर तसं लिहून द्या. ही बाहेर बसून तेच बायकांना वाचून दाखवील."

ही म्हणजे मी. मी लगेच मान डोलावली.

मॅनेजरने पेन फिरवलं. "मशीन दहा दिवस राखून ठेवतो," तो म्हणाला. "पण हा फॉर्म समितीने लेखी मागे घ्यायचा. खोटी माहिती दिली असं लिहून."

माझं डोकं सणकलं. तो काय मागतोय ते मला नीट कळत होतं. उद्या खरंच कोणाचा हात झाकणाखाली सापडला, तर तो हाच कागद काढणार: तुमची समिती खोटे फॉर्म भरते. एका मशीनसाठी चौदा जणींची किंमत मागत होता. मी नाही म्हणायला तोंड उघडलं.

"खोटी नाही," मावशी म्हणाल्या. "चुकीची. माझ्या पायाला काय झालं ते हिला माहीत नव्हतं, मला नव्हतं, तुमच्या डॉक्टरलाही नव्हतं. त्यांनी काहीच नाही म्हणून सांगितलं, तो कागद पण मागे घ्या. दोन्ही बरोबर जाऊ द्या."

मॅनेजर पहिल्यांदाच खुर्चीत हलला. शेवटी ठरलं ते असं: 'तपासणीपूर्वी घाईने भरलेला फॉर्म समिती मागे घेत आहे, कंपनीच्या डॉक्टरांचा निष्कर्षही तपासणीअंती चुकीचा आढळला.' खाली माझी सही, त्याची सही. 'घाईने' या शब्दावर मी पंधरा मिनिटं भांडले. मावशी म्हणाल्या, "कर सही. घाईनेच भरलास." केली.

"आणि पाण्याचं?" मावशींनी उठता उठता विचारलं.

"तुम्हाला पट्टी लागणार नाही. तुम्ही कधीही जा."

"मी गेले की मशीन कोण चालवणार?"

"शेजारची."

"मग शेजारची कधी जाणार?"

या प्रश्नावर मॅनेजर 'बघू' म्हणाला. मी त्या 'बघू'चं पुढच्या आठवड्यात रीतसर निवेदन केलं, चौदा सह्यांचं, घाई न करता. त्याचा निकाल अजून लागलेला नाही. पण निवेदन दिल्या दिवसापासून आम्ही पट्टीला हात लावत नाही. जिला जायचं ती शेजारणीला सांगून जाते. सुपरवायझरसाहेब पहिले दोन दिवस ओरडले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, कंपनीच्या डॉक्टरांना परत बोलवायचं का? तेव्हापासून ते खिडकीबाहेर बघतात.

अकराव्या दिवशी मावशी कामावर आल्या, दोन्ही पायांत बूट, उजवा जरा सैल. पाणी भरलेली बाटली खिडकीत ठेवली, चादरींपासून हातभर लांब. पहिलं पेडल मारताना सगळ्याजणी हातातलं काम थांबवून बघत होतो. झाकण खाली आलं, वाफ सुटली. मावशींच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"दुखलं का?" मी विचारलं.

"दुखलं थोडं. तुझ्या चादरी खोळंबल्यात, तिकडे बघ."

अकराच्या सुमारास त्या पाच नंबरला सांगून खाली गेल्या. सावकाश गेल्या, सावकाश आल्या. पाच नंबर तोवर चार नंबरवर उभी राहून चादरी काढत होती. खिडकीतून वारा येत होता, आणि तिला तिथून हलायची काही घाई दिसेना.

"मावशी, बसा ना जरा," ती म्हणाली. "पायाला आराम होईल. मी काढते अजून चार-पाच."

"काय गं माझी माया," मावशी म्हणाल्या. "हो बाजूला."